साहुकार, टोपीकर आणि कौलाचा कागद

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' मराठीच्या वर्गात शिकवले जाते ते प्रायः शिवोत्तरकालीन गद्याचा नमुना म्हणून. त्यातील वाक्यांची ठेवण, फारसी शब्दांमधून वाट काढत जाणारी संस्कृतप्रचुर पदावली, राजाला उपदेश करतानाही न ढळणारा वडीलकीचा सूर यांची चर्चा होते. दुर्गांचे प्रकरण वाचले जाते, आरमाराच्या प्रकरणातील आंब्या-फणसाची झाडे न तोडण्याविषयीचा मजकूर आवर्जून दाखवला जातो, आणि तास संपतो. साहुकारांविषयीचे प्रकरण मात्र 'व्यापाराचे महत्त्व' अशा एका टिपणात आटोपते. वास्तविक जुन्या मराठी गद्यात इतका सावध, इतका थंड डोक्याने लिहिलेला मजकूर क्वचितच सापडेल. तो वाचताना आपण राजनीतीचा ग्रंथ वाचतो आहोत याचा विसर पडतो आणि एखाद्या अनुभवी कारकुनाने पुढच्या कारकुनासाठी लिहून ठेवलेली नियमावली हाती आल्यासारखे वाटते. त्या नियमावलीचा विषय आहे परदेशांशी होणारा व्यापार, आणि तो कोणत्या अटींवर होऊ द्यावा हा प्रश्न.

हा प्रश्न आज आमच्या गावात रोज विचारला जातो. कोल्हापूरभोवतीच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींतून लोखंडाचे ओतीव भाग, झडपा, पंपांचे आणि इंजिनांचे सुटे भाग परदेशी जातात. मराठी घेऊन एम.ए. झालेले आमचे काही विद्यार्थी तेथल्या निर्यात विभागांत कागदपत्रांचे काम करतात. (नाटकाच्या पेपरापेक्षा बिल ऑफ लेडिंग अवघड, असे त्यांच्यापैकी एकाचे मत आहे.) जगभर कारखाने असलेल्या मोठ्या कंपन्यांत या कामाचे स्वतंत्र खाते असते आणि त्यावर 'ट्रेड कम्प्लायन्स'चा प्रमुख असतो. सरकारी मराठीत त्याला 'अनुपालन' म्हणतात. शब्द शुद्ध आहे, पण तो कानाला सही-शिक्क्यासारखा लागतो. या प्रमुखाचे काम थोडक्यात सांगायचे तर पाच प्रश्न विचारण्याचे आहे. माल नेमका काय आहे? तो मुळात कोठला आहे? घेणारा कोण आहे? त्याच्या हातून माल पुढे कोठे जाणार आहे? आणि आपल्या ज्या माणसाने हा व्यवहार ठरवला त्याला तो ठरवण्याचा अधिकार होता काय? समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत तर माल अडवून धरण्याची मुभा त्याला असावी लागते. ती नसेल तर तो केवळ कागद फायलीला लावणारा इसम उरतो.

पहिल्या चार प्रश्नांत संशय परक्यावर असतो, पाचव्यात तो आपल्याच माणसावर येतो. या किनाऱ्याचा इतिहास पाहिला तर सर्वांत महागात पडला तो हा पाचवा प्रश्न न विचारणे, असे आमचे मत झाले आहे. त्याची पहिली ठळक साक्ष खुद्द पन्हाळ्याच्या पायथ्याशी मिळते.

१६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा पन्हाळ्यास वेढा पडलेला होता आणि शिवाजी महाराज गडावर होते. ही कथा पावनखिंडीच्या अंगाने मराठी माणसाला पाठ आहे. तिच्या कडेला उभे असलेले एक पात्र मात्र आपण सहसा पाहत नाही. राजापूर हे त्या वेळी आदिलशाहीतले बंदर. तेथे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती आणि हेन्री रेव्हिंग्टन हा तिचा मुख्य होता. कंपनी व्यापारासाठी आलेली. दोन देशी सत्तांच्या लढाईत पक्ष घेणे तिच्या धोरणात बसत नव्हते. पण मिरी आणि कापड विकत घेणाऱ्या या वखारीजवळ उखळी तोफेचे स्फोटक गोळेही होते, आणि विजापूरकरांना ते हवे होते. रेव्हिंग्टन व त्याचे सोबती हे गोळे घेऊन पन्हाळ्याच्या वेढ्यात गेले. केवळ विकून थांबले असते तरी एक वेळ ती व्यापाऱ्याची लोभी चूक म्हणता आली असती. त्यांनी ते गडावर स्वतः डागले, आणि डागताना इंग्रजांचे निशाण लावले.

या कृत्यात आजच्या नियमावल्यांतील निदान तीन कलमे एकाच वेळी मोडलेली दिसतात. युद्धोपयोगी माल लढणाऱ्या पक्षाच्या हाती दिला गेला. माल कशासाठी वापरला जाणार हे ठाऊक असूनच तो दिला गेला. आणि आपल्या मालकाने ज्याची परवानगी दिली नव्हती ते काम मालकाच्या नावाने, किंबहुना मालकाच्या निशाणाखाली केले गेले. त्या काळी कंपनीच्या नोकरांना स्वतःचा खासगी व्यापार करण्याची बरीच मोकळीक असे. त्यामुळे कोणता सौदा कंपनीचा आणि कोणता आपल्या खिशाचा ही रेषा पुसट होत जाई. सुरतेचे वरिष्ठ मंडळ दूर होते, पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत दिवसांवर दिवस लोटत, आणि तोवर वखारीतला माणूस हाच कंपनी असे.

महाराज जुलै १६६० मध्ये गडावरून निसटले. १६६१ च्या मार्चमध्ये मराठी फौज राजापुरावर आली, वखार लुटली गेली आणि इंग्रज वखारवाले कैद झाले. गडागडांवर त्यांना ठेवण्यात आले. शेवटची सुटका १६६३ च्या आरंभी झाली. कैदेतून या लोकांनी सुरतेला तक्रारीची पत्रे लिहिली की कंपनी आमच्या सुटकेसाठी हातपाय हलवत नाही. त्यावर १६६२ च्या मार्चमध्ये सुरतेहून जे उत्तर गेले ते फार करकरीत आहे. तुम्ही तुरुंगात का पडलात हे तुम्हीच जाणता. कंपनीचा माल राखताना तुम्ही पकडले गेला नाहीत, तर पन्हाळ्याच्या वेढ्यावर जाऊन इंग्रजांच्या निशाणाखाली गोळे टाकल्याबद्दल पकडले गेलात, असा त्याचा आशय. कंपनीच्या पत्रव्यवहारात इतकी स्पष्ट कबुली विरळाच.

गंमत अशी, की ही कबुली घरातल्या घरात राहिली. बाहेर, म्हणजे शिवाजी महाराजांकडे, कंपनी राजापूरच्या नुकसानभरपाईची मागणी पुढे वर्षानुवर्षे करीत राहिली. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा झालेल्या तहात १०,००० होन देण्याचे ठरले. त्याच वाटाघाटीत, किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांतील माल इंग्रजांना परत द्यावा हे कलम मात्र महाराजांनी कोकणकिनाऱ्याच्या रूढीचा आधार घेऊन मान्य केले नाही. आत एक भाषा आणि बाहेर दुसरी, हे व्यापारी संस्थांचे वैशिष्ट्य तेव्हापासूनचे आहे. साहित्याच्या अभ्यासकाला अशा दुहेरी पत्रव्यवहारात रस वाटायला हवा, कारण येथे एकाच घटनेची दोन निवेदने एकाच लेखणीतून उतरली आहेत.

राजापूरच्या गोळ्यांचा प्रश्न शिरोलीच्या कारखान्यात वेगळ्या रूपाने येतो. गंजरोधक धातूची विशिष्ट प्रकारची झडप किंवा पंप हा दुधाच्या, औषधाच्या, खताच्या कारखान्यात लागतो, तसा तो रासायनिक अस्त्रांच्या कारखान्यातही लागू शकतो. अशा दुहेरी उपयोगाच्या वस्तूंची यादी भारत सरकार प्रसिद्ध करते. ती 'स्कोमेट' या संक्षेपाने ओळखली जाते, आणि तिच्यातील वस्तू परदेशी पाठवण्यास परवाना लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००४ मध्ये १५४० क्रमांकाचा ठराव केला, त्यानंतर २००५ मध्ये भारताने सामूहिक संहाराच्या अस्त्रांविषयीचा कायदा केला. २०१६ ते २०१८ या काळात क्षेपणास्त्रविषयक, पारंपरिक शस्त्रविषयक आणि रासायनिक-जैविक वस्तूंविषयक अशा तीन आंतरराष्ट्रीय गटांचे सदस्यत्व भारताने घेतले. या सर्वांचा अर्थ कोल्हापुरातल्या एका टेबलावर एवढाच होतो की घेणाऱ्याकडून लेखी घ्यायचे: हा माल मी अमुक कामासाठी वापरीन, अमुक ठिकाणी वापरीन, आणि परस्पर दुसऱ्यास देणार नाही. सिद्दी जौहरने असे लिहून दिले असते तरी रेव्हिंग्टनला ते नको होते. वापर कशासाठी होणार हे त्याला समोर दिसत होते.

येथे शब्दांविषयी थोडे विषयांतर करतो. परवानगीच्या या कागदाला जुन्या मराठीत 'कौल' म्हणत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वचन, उच्चारलेला शब्द. देवाला लावलेला कौल, जमीन लागवडीस देतानाचा कौल आणि समुद्रावर व्यापाऱ्याला दिलेला अभयाचा कौल हे सर्व एकाच मुळाचे. पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' सोळाव्या शतकापासून या समुद्रावर सक्तीने चालत होता. तो नसलेले जहाज ते पकडत, आणि जहाजावर काय असू नये हेही त्याच कागदात लिहिलेले असे. कौल हे त्याचे देशी उत्तर म्हणता येईल, पण त्याची जात निराळी आहे: कार्ताझ म्हणजे नुसता कागद, कौलाच्या पोटात मात्र दिलेला शब्द आहे. शिवकाळात 'राजव्यवहारकोश' तयार करून दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा प्रयत्न झाला. तरी कौल, जकात, दस्तक हे शब्द व्यवहारातून हलले नाहीत. आजही पाटीवर अनुपालन आणि तोंडी कम्प्लायन्स अशीच स्थिती आहे, तेव्हा त्याबद्दल फार खंत करू नये.

जकातीविषयी एक पत्र मराठी गद्याच्या अभ्यासकाने वाचलेच पाहिजे असे आम्हाला वाटते. ते १६७१ च्या डिसेंबरातले, कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले. विषय मिठाचा. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडे. घाटावरचे व्यापारी बैलांचे तांडे घेऊन खाली उतरत ते साहजिकच तिकडे वळू लागणार, आणि स्वराज्यातील संगमेश्वरकडच्या मिठागरांचे गिऱ्हाईक तुटणार, ही चिंता. पत्रातला उपाय असा, की बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी की आपल्याकडचे मीठ वाहतुकीसह जेथवर पडते त्याहून ते महाग व्हावे. म्हणजे मूळ किंमत, वाहणावळ आणि जकात यांची बेरीज करून, दोन्ही बाजूंचे आकडे समोरासमोर मांडून मग दर ठरवायचा. यात आरोळी नाही, धर्माचा उल्लेख नाही, फिरंग्यांना शिव्या नाहीत. आहे तो हिशेब, आणि हिशेब चुकला तर आपली मिठागरे बुडतील हे भय. स्वदेशी मालाच्या संरक्षणाविषयी पुढे एकोणिसाव्या शतकात मराठीत पुष्कळ ओजस्वी लेखन झाले, पण या पत्राचा कोरडेपणा आम्हाला जास्त पटतो.

मीठ मीठच असते, म्हणून हे पत्र लिहिणे त्या मानाने सोपे होते. मालाला नाव देण्यातच वाद निघू शकतो तेव्हा काय करावे? समजा, कोल्हापुरातून एक ओतीव भाग निघाला. तो नुसता लोखंडी ओतीव जिनस मानला तर जकातीच्या जागतिक सूचीत त्याची जागा ७३२५ या शीर्षकाखाली. तो इंजिनाचा भाग ठरला तर ८४०९. पंपाचा ठरला तर ८४१३. झडपेचा ठरला तर ८४८१. तुकडा तोच, पण नाव बदलले की कर बदलतो, परवान्याची गरज बदलते, कधी परवानगीच बदलते. १ जानेवारी १९८८ पासून अमलात आलेल्या या सूचीचे पहिले सहा अंक बहुतेक सर्व जगात समान आहेत. भारतात त्यांना आणखी दोन जोडून आठ अंक होतात. तिच्या अर्थनिर्णयाचे सहा सर्वसाधारण नियम आहेत आणि ते आमच्या विद्यार्थ्यांना साहित्यशास्त्राइतकेच परिचित वाटावेत. पहिल्या नियमानुसार विभागांची मथळ्यातली नावे केवळ सोयीसाठी आहेत. निर्णय शीर्षकातील शब्दांवरून आणि टीपांवरून करायचा. दुसरा नियम म्हणतो की वस्तू अपुरी असली तरी तिच्यात पूर्ण वस्तूचे सारभूत लक्षण उतरले असेल तर ती पूर्णच समजावी. तिसरा नियम सामान्य वर्णनापेक्षा विशिष्ट वर्णनाला पसंती देतो. लक्षण, अतिव्याप्ती, अव्याप्ती यांच्यावर आपण जे वाद घालतो तेच येथे चालतात. फरक एवढाच की आपला वाद हरल्यावर दंड भरावा लागत नाही.

या सूचीत काही गोष्टींना मुळीच जागा असू नये, त्यांचा माल म्हणून विचारच होऊ नये, हाही व्यापारी नियमांचा एक भाग आहे. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत, जिंजीच्या मुलखात, शिवाजी महाराजांनी डचांना व्यापाराचा कौल दिला. पूर्वीच्या मुसलमानी अमलात तुम्हाला येथे स्त्री-पुरुष गुलाम म्हणून खरेदी करून नेता येत होते, माझ्या राज्यात ते चालणार नाही, तसा प्रयत्न केलात तर माझी माणसे अडवतील, असे त्यात बजावले आहे. सतराव्या शतकात समुद्रावर वावरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक युरोपीय सत्तेला गुलाम हा जिन्नसच वाटत होता. हा कौल देताना महाराजांना डचांशी व्यापार नको होता असे नाही. हवा होता म्हणूनच कौल दिला. तरीही एक ओळ आखली आणि ती ओलांडल्यास कोण अडवील हेही सांगून ठेवले.

एवढी पार्श्वभूमी ध्यानी घेऊन 'आज्ञापत्रा'कडे परत आले म्हणजे त्यातल्या साहुकार प्रकरणाचे वजन कळते. ग्रंथाचा काळ सामान्यतः १७१५-१६ च्या सुमाराचा मानतात. त्याच्या काळाविषयी व कर्तृत्वाविषयी अभ्यासकांनी शंकाही घेतल्या आहेत, पण परंपरेने तो करवीरच्या संभाजी महाराजांसाठी रामचंद्रपंतांनी सिद्ध केला असे समजले जाते. करवीरची गादी तेव्हा पन्हाळ्यावर होती. म्हणजे ज्या गडावर इंग्रजी निशाणाखालून गोळे आले होते त्याच गडावरच्या राजाला हा उपदेश आहे. रामचंद्रपंतांनी शिवाजी, संभाजी, राजाराम, ताराबाई यांच्या कारकिर्दी पाहिल्या होत्या. त्यांच्या शब्दाला अनुभवाचा भार आहे.

प्रकरणाचा आरंभ साहुकाराच्या गौरवाने होतो. राज्याची शोभा, राज्याची भरभराट, संकटात मिळणारे कर्ज, इतरत्र दुर्मिळ वस्तूंचा पुरवठा हे सर्व साहुकारामुळे. म्हणून त्याला दुखवू नये, त्याचा मान राखावा, देशोदेशीचे साहुकार आणून वसवावेत. आणि मग सूर बदलतो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे टोपीकरही साहुकारी करतात खरे, पण ते इतर साहुकारांसारखे नव्हेत. का नव्हेत? येथे लेखक त्यांच्या धर्माकडे किंवा स्वभावाकडे प्रथम बोट दाखवत नाही. तो म्हणतो की त्यांच्यामागे त्यांचे धनी आहेत, ते धनी राज्ये करतात, आणि हे लोक त्यांच्या हुकमाने येथे आले आहेत. राज्य करणाऱ्याला जमिनीचा लोभ नसेल असे कसे घडेल? दारात उभ्या असलेल्या व्यापाऱ्याकडे न पाहता त्याच्या पाठीशी कोण आहे ते पाहा, असा हा विचार आहे. घेणारी कंपनी कोणाच्या मालकीची, त्या मालकाचा मालक कोण, हे आज नियमपालन खात्यात ज्या चिकाटीने शोधावे लागते, तीच ही चिकाटी.

पुढची कलमे तितकीच नेमकी आहेत. टोपीकरांचे येणे-जाणे असू द्यावे, पण कायमची जागा देऊ नये. जलदुर्गांजवळ त्यांना फिरकू देऊ नये. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्रकाठी किंवा खाडीच्या मुखाशी न देता आत, राजापूरसारख्या थोर शहराच्या आश्रयाने, शहराच्या दाबाखाली राहील अशी सखल जागा द्यावी. पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत. कारण आरमार आणि दारूगोळा हेच त्यांचे बळ. किनाऱ्यावर जागा मिळाली की पाठीशी आरमार उभे करून तेथे किल्ला होईल, आणि किल्ला झाला की तेवढा मुलूख गेला. अशा अटींवर राहिले तर उत्तम, न राहिले तर त्यांच्यावाचून अडत नाही. आणि शत्रुत्व करताना एखादा टोपीकर सापडला तर त्याला साहुकार समजून दंड घेऊन सोडू नये. या शेवटच्या कलमात आम्हाला राजापूरची आठवण ऐकू येते. रेव्हिंग्टनचे नाव तेथे नाही, असण्याचे कारणही नाही. पण व्यापारी म्हणून आलेला आणि तोफ डागताना सापडलेला माणूस कोणत्या सदरात घालायचा, हा प्रश्न कोणी तरी पूर्वी सोसलेला असल्यावाचून असे कलम सुचत नाही.

या भागाची वाक्यरचना लक्ष देऊन पाहावी. अट, तिचे कारण, ती मोडली तर होणारा परिणाम आणि त्यावरून पुन्हा अट, अशी ही साखळी आहे. विशेषणे कमी आहेत. दुर्गांच्या प्रकरणात जी उंच पट्टी लागते ती येथे लागत नाही. शैलीच्या चर्चेत हे प्रकरण मागे पडते त्याचे कारण बहुधा हेच असावे. आपल्याला उंच पट्टीच्या गद्याची सवय आहे.

आरमाराच्या प्रकरणात मात्र पाचवा प्रश्न येतो, आपल्या माणसांविषयीचा. कौल घेतलेल्या साहुकाराच्या जहाजाला आरमाराच्या लोकांनी यत्किंचितही उपद्रव देऊ नये. परमुलखातले जहाज कौलावाचून आले तरी एकदम लुटू नये. धीर देऊन बंदरात आणावे, हवे-नको पाहावे, त्याच्या खुशीने खरेदी-विक्री होऊ द्यावी, जकात घ्यावी. शत्रूच्या मुलखातले जहाज असेल तर माल जसाच्या तसा राखून हुजुरास लिहावे आणि तेथून येईल त्या आज्ञेप्रमाणे वागावे. अडवा, राखा, वरिष्ठांना विचारा, आपल्या अखत्यारीत निर्णय करू नका, हा क्रम आजच्या कोणत्याही बंदरावर जसाच्या तसा चालेल. सुरतेच्या मंडळाने राजापूरच्या वखारीला एवढे एक कलम लिहून दिले असते आणि ते पाळून घेतले असते, तर कदाचित काही इंग्रज मराठी गडांवरच्या कोठड्यांत खितपत पडले नसते.

पण लिहून ठेवणे आणि पाळून घेणे यांत अंतर असते, आणि ते अंतर पुढे करवीर राज्यालाच भोवले. सिंधुदुर्ग आणि मालवण हे करवीरच्या आरमाराचे ठाणे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवणची गलबते व्यापारी जहाजे लुटतात अशी मुंबईकर इंग्रजांची सततची तक्रार होती. ते याला चाचेगिरी म्हणत. हा शब्द त्यांच्या सोयीचा होता हे उघड आहे. समुद्रावर आपला कौल चालवणाऱ्या प्रत्येक देशी सत्तेला त्यांनी तो लावला. तरीही तक्रार सर्वस्वी बनावट नव्हती. राज्य आतून दुबळे झालेले, वारसाचे तंटे, सरदार शिरजोर. अशा वेळी आरमारी लोकांना 'आज्ञापत्रा'तले कलम वाचून दाखवणारा आणि मोडल्यास जाब विचारणारा कोणी उरला नव्हता. टोपीकरांना किनाऱ्यावर येऊ देऊ नये हे कलम राज्याला ठाऊक होते. त्यांना येण्यास निमित्त मिळू नये म्हणून आपल्या गलबतांनी काय करू नये, हे दुसरे कलमही त्याच ग्रंथात होते, आणि निसटले ते हेच.

१७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. जिजाबाई तेव्हा करवीरचा कारभार पाहत होत्या. १७६६ च्या तहाने किल्ला परत मिळाला, पण तक्रारी थांबल्या नाहीत. १७९२ मध्ये मुंबईकरांनी पुन्हा मोहीम उभारली तेव्हा करवीरकरांनी १७८५ पासून झालेल्या व्यापाऱ्यांच्या नुकसानीची भरपाई देण्याचे कबूल केले आणि मालवणात व खुद्द कोल्हापुरात इंग्रजांना वखारी घालण्याची परवानगी दिली. समुद्रकाठची जागा अशा रीतीने गेली, आणि तीही युद्धात हरून नव्हे तर व्यापाऱ्यांच्या नुकसानीच्या हिशेबात. 'आज्ञापत्रा'ला तेव्हा अजून ऐंशी वर्षेही झाली नव्हती. १ ऑक्टोबर १८१२ रोजी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्यास रेसिडेंट असताना झालेल्या तहाने मालवणचे बंदर आणि तेथले किल्ले कायमचे इंग्रजांकडे गेले, आणि यापुढे लढाऊ गलबते बाळगणार नाही असे करवीरच्या छत्रपतींनी लिहून दिले.